पेटीतली आई

६ जून

आलो एकदाच्या. सामान दोन बॅगा, बाकी सगळी बिट्टी. सहा वर्षांची आहे, पण प्रवासभर तिच्या प्रश्नांचं ओझं बॅगांपेक्षा जड झालं. मासे झोपतात का? डोळे मिटतात का? मिटत नसतील तर त्यांना कसं कळतं झोप लागली ते? शेवटी समोरच्या आजोबांनी हसत हसत हात जोडले.

घर दुमजली, गल्लीच्या अगदी शेवटी. वर मालक राहतात, खाली मासे. खालची लांबच लांब खोली काचेच्या टाक्यांनी भरलेली. पंपांची गुळगुळ, कोमट ओलसर हवा, हिरवट उजेड. त्याच खोलीच्या टोकाला आमची खोली. खाट, कपाट, मोरी आणि गल्लीत उघडणारं स्वतंत्र दार. आणखी काय लागतं माणसाला? दादाकडे आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याशी झोपायचो आणि वहिनी सकाळी चहा टाकायला यायची ती पाय आपटतच.

मालकीणबाई म्हणाल्या, बाईसाहेब-बिईसाहेब काही नको, सरळ ताई म्हण. साहेब कमी बोलतात. त्यांची मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, तिला सगळे मोठी म्हणतात. स्वयंपाकाला मावशी आहेत, त्या तर साहेबांहूनही कमी बोलतात. ताईंनी बिट्टीला बघताक्षणी उचलून घेतलं. ही कार्टी कुणाकडे जात नाही, पण त्यांच्याकडे गेली. शाळेचंही ताईच बघणार आहेत, तिथे त्यांची ओळख आहे म्हणे.

नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मी आज पाय पसरून बसले आहे.

१० जून

काम आवडलं. गप्पी, प्लॅटी, मॉली, सगळे पिल्लं घालणारे मासे. अंडी नाहीत, थेट पोहणारं पिल्लू. ताई शिकवतात आणि छान शिकवतात. मादीच्या पोटाखाली शेपटीकडे काळसर डाग असतो, तो गडद होत जातो. पोट आधी गोल होतं, मग पुढून चौकोनी दिसायला लागलं की दिवस भरले समजायचं. अशी मादी कोपऱ्यात जाते, हीटरच्या मागे उभी राहते, खायला टाकलं तरी येत नाही.

मग तिला पेटीत ठेवायचं. साधी पारदर्शक पेटी, टाकीतच लटकवलेली. मधल्या तळाला बारीक खाचा. पिल्लं जन्मली की खाचेतून खाली पडतात, आई वर राहते. खाचेतून पिल्लू जातं, आई जात नाही. साहेब तिला ब्रीडिंग बॉक्स म्हणतात, ताई म्हणतात बाळंतिणीची खोली.

मी विचारलं, आईला वेगळं का ठेवायचं? ताई हसून म्हणाल्या, अगं, खाते ती पिल्लांना. आईच खाते. बिट्टी शेजारीच होती. तिने विचारलं, का खाते? ताईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, भूक लागते ना बाळा तिला.

२१ जून

आज पहिलं बाळंतपण केलं. केशरी प्लॅटी. मी आणि बिट्टी काचेला नाक लावून. पिल्लू बाहेर येतं तेव्हा दुमडलेलं असतं, कागदाची घडी असावी तसं. बुडतं, तळाला टेकतं, मग एकदम उलगडतं आणि वर झेपावतं. बिट्टी प्रत्येकाला टाळ्या वाजवत होती. एक उलगडलंच नाही. तिने ते ओळखलं आणि माझा पदर धरला. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, हे नाही जगलं गं.

पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक, फडक्यातून गाळून, अगदी चिमटीभर. आईला बाजूच्या टाकीत एकटीला विश्रांती, नाहीतर नर लगेच मागे लागतात. हे ऐकून मी म्हटलं, जळलं मेलं लक्षण, इथेही तेच! ताई खळखळून हसल्या. मावशी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

४ जुलै

बिट्टीला खोकला झाला. खाली ओल आहे, खरंच आहे. ताई म्हणाल्या, बरं वाटेपर्यंत वर मोठीजवळ झोपू दे. दिलं पाठवून. मोठी अभ्यासाला शिस्तीची आहे, बिट्टीलाही बसवते.

खाटेवर जागा खूप झाली. अर्ध्यावरच झोपते अजून.

१३ जुलै

खोकला कधीच थांबला. बिट्टी वरच आहे.

आधी म्हणाल्या शाळा नुकतीच सुरू झाली, सवय मोडू नको. मग म्हणाल्या खालच्या हवेने पुन्हा खोकला उलटेल. आता जिन्याचं वरचं दार लावून घेतात, का तर खालची ऊब वर जाते आणि टाक्यांचं पाणी गार पडतं. त्या दाराखाली हातभर रुंद फट आहे, पाइप नेण्यासाठी. संध्याकाळी मी जिन्यावर बसते आणि बिट्टी पलीकडे पोटावर झोपून फटीतून बोलते. आज म्हणाली, ताईआईने मला चित्रांचं पुस्तक आणलं.

ताईआई!

मी वर जाऊन विचारलं. आवाज चढला माझा, चढणारच. ताई शांतपणे म्हणाल्या, मुलांच्या तोंडाला काय कुलूप लावायचं, येतो शब्द तोंडात. आणि मग हळूच, बिट्टीला ऐकू जाईल इतक्याच हळू, म्हणाल्या, तू अशी ओरडतेस ना, ते घाबरतं गं लेकरू.

मी खाली आले. जाळी घेतली आणि एकाच टाकीतला गाळ तीनदा काढला.

१८ जुलै

काळी मॉली पेटीत घातल्यापासून काचेवर डोकं आपटते आहे. वर-खाली, वर-खाली. साहेब म्हणतात लवकर घातलेली बरी. मला पटत नाही. मागे एका गप्पीला अशीच लवकर घातली होती, तिने सगळी पिल्लं मेलेली टाकली.

मी कुणाला न विचारता मॉलीला पेटीतून काढलं आणि मागच्या मोठ्या टाकीत सोडलं. तिथे झाडं दाट आहेत, पाण्यावर तरंगणारीही भरपूर. दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला घालते. ती फिरते, झाडांत तोंड खुपसते, दमली की पानावर टेकते. काचेकडे बघतसुद्धा नाही.

२५ जुलै

झाली! काळी मॉली मोकळी झाली, पेटीशिवाय. पिल्लं झाडांच्या मुळांत काळ्या मोहरीसारखी चिकटून बसली आहेत. आई त्यांच्या शेजारून जाते. दुपारभर बसून बघितलं. एकदा एका पिल्लाच्या मागे लागली, दोन झाडं ओलांडली आणि सोडून दिलं. पोट भरलेलं होतं, लपायला जागा होती. संपलं.

म्हणजे पेटीत कोंडतात म्हणून ती खाते, आणि खाते म्हणून पेटीत कोंडतात. आणि हे वर बसून मला सांगतात, आई अशीच असते!

धावत जिना चढले, बिट्टीला बोलवायला. दार लावलेलं. फटीतून हाक मारली. ताईंचे पाय आले. अभ्यास चाललाय, म्हणाल्या. मी तिथेच बसून सगळं सांगितलं, पिल्लं, मुळं, सगळं, फटीत तोंड घालून. पायांनी ऐकून घेतलं.

२९ जुलै

हात धुतले तरी वास जात नाही.

परवा साहेबांनी काळ्या मॉलीला पुन्हा पेटीत टाकलं. गिऱ्हाईकाला दाखवायची आहे, खायला घालू नको, पाणी गढूळ होतं, म्हणाले. मी ऐकलं. आज दुपारी ताईंनी वरून हाक मारली. मॉलीला बरणीत घालून वर आण, बिट्टीला बघायची आहे. मी वेणी घातली, धुतलेली साडी नेसले. मूर्ख बाई.

बिट्टी जेवणाच्या टेबलाशी खुर्चीवर उभी होती. मला बघून हसली. खरंच हसली. ताईंनी माझ्या हातातली बरणी घेऊन तिच्यासमोर ठेवली आणि दुसऱ्या भांड्यातून त्यात पिल्लं ओतली. माझ्या टाकीतली. मुळांतून गाळून काढलेली.

दोन दिवसांची उपाशी मासळी, रिकामी बरणी, लपायला एक पान नाही.

मला कळेपर्यंत निम्मी गेली होती. ताई बिट्टीच्या खांद्यावर हात ठेवून गोड आवाजात समजावत होत्या. बघितलंस ना, तिचा काही दोष नाही हं, आया अशाच असतात, म्हणून त्यांना लांब ठेवायचं आणि लांबूनच प्रेम करायचं.

मी बरणी उचलून भिंतीवर फोडली. काय काय बोलले आठवत नाही. आठवलं तरी एकही शब्द मागे घेणार नाही. बिट्टी किंचाळली. मला वाटलं माशांकडे बघून.

माझ्याकडे बघून.

ती ताईंच्या मागे लपली. मी हात पुढे केला तर आणखी मागे गेली. मोठी वहीतून मान वर करून बघत होती, रस्त्यावरचं भांडण बघावं तशी. ताई बिट्टीला आणि मला दोघींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, बघ, सांगत होते ना.

३१ जुलै

शाळेत गेले. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, पालक म्हणून तर ताईंचं नाव आहे, तुमच्याच सहीने. मी कशावर सही केली होती? ताई म्हणाल्या होत्या, फक्त ओळखीसाठी आहे. बिट्टीला बोलावलं. ती बाईंच्या टेबलाखाली शिरली आणि बाहेर येईना. मी तिला लाडाने हाका मारत होते आणि मनात मात्र असा जाळ पेटला होता की तो माझ्या आवाजात उतरत होता. मलाच ऐकू येत होता. बाईंनी मला पाणी दिलं आणि ताईंना फोन लावला.

रस्त्यावरच्या दुकानातून दादाला फोन केला. वहिनीने उचलला. म्हणाली, पोर चांगलं खातंय-पितंय, चांगल्या घरात वाढतंय, तुझ्याच पोटात का दुखतं? मी म्हटलं, दादाला दे. ती म्हणाली, ते अंघोळीला गेलेत. भर दुपारी!

परत आले. जाणार कुठे? बिट्टी त्या घरात आहे.

३ ऑगस्ट

ताई आता माझ्याशी फार मायेने बोलतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत म्हणे, माझ्या रागासाठी. माझ्या रागासाठी! जेवणाच्या ताटात वाटीशेजारी ठेवतात. मी गोळी मोरीत टाकते. तरी दुपारी डोकं जड होतं, हात कापसाचे होतात. काल जिन्यावर बसले होते आणि मला आठवेना की मी तिथे कशासाठी बसले आहे. फटीपलीकडून कुणीतरी गाणं म्हणत होतं. छान आवाज आहे, असं वाटलं. कुणाचा, ते मागाहून कळलं. खूप मागाहून.

गोळी ताटात दिसायलाच ठेवतात. खरं औषध आमटीत असणार.

४ ऑगस्ट

आज जेवले नाही. डोकं लख्ख आहे आणि राग जागच्या जागी आहे. बरं वाटलं त्याला भेटून.

मावशी ताट परत न्यायला आल्या. मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, माझ्याआधी इथे मासे कोण बघायचं? त्या म्हणाल्या, मी. मग सवयीने टाकीतलं एक मेलेलं पान काढलं. मी विचारलं, एकट्याच आला होतात? त्या जरा थांबल्या. दुकानात काय आणायचं होतं ते आठवावं तशा. म्हणाल्या, नाही, पोरगी होती की. वरती आहे ती. मोठी.

मोठी त्यांना ए मावशी म्हणून हाक मारते. परवा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तिने ताट ढकललं होतं आणि त्या खाली मान घालून सांडलेलं पुसत होत्या. मी म्हटलं, मावशी, तुमची मुलगी आहे ती! त्या म्हणाल्या, हो ना. अगदी तशाच आवाजात, हो ना, पाऊस आहे ना.

मी विचारलं, राग नाही येत? म्हणाल्या, यायचा. फार यायचा. मग जेवायला लागले.

५ ऑगस्ट

गल्लीतल्या दाराला बाहेरून कुलूप. चोऱ्या वाढल्यात, साहेब म्हणाले. मी खिडकीतून ओरडले. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. तिने मान हलवली, बिचारी, अशी, आणि आत गेली. तिलाही सांगून ठेवलं असणार.

मोरीच्या नळाचं पाणी पिते. ताटातलं काहीही नाही. भरलेली ताटं परत पाठवली तर कळेल, म्हणून अन्न मोरीत सोडते. वासाने पोट पिळवटतं.

राग धरून ठेवायचा. पण चेहऱ्यावर नाही. आवाजात नाही.

६ ऑगस्ट

आज ताईंशी हसून बोलले. चुकलंच माझं, म्हटलं. गालावर हात ठेवला त्यांनी. शहाणी माझी, म्हणाल्या. दातांनी त्यांचा हात —

नाही. हसले.

उद्या साहेब माल पोचवायला जाणार. ताई आणि मोठी कपडे आणायला. बिट्टीला मावशींपाशी ठेवणार.

मावशींना म्हटलं, उद्या दुपारी जिन्याचं दार उघडाल? त्या म्हणाल्या, उघडते. एवढंच. का ते विचारलं नाही. कुणीही काहीही सांगितलं की त्या करतात. हे बघून मला —

पिल्लांना बलक घातला. बोटाला लागलेला चाटला. वाटीभर होता. सगळा चाटला.

७ ऑगस्ट

उघडलं दार. मावशी पुन्हा भाजी निवडायला बसल्या.

बिट्टी पलंगाखाली आहे. मला बघितलं आणि सुळकन आत गेली, भिंतीपर्यंत. मी वाकले तर ओठ दाबून रडायला लागली, आवाज न करता. हे कुणी शिकवलं तिला? सहा वर्षांच्या —

राग नाही. आता नाही.

ओढून काढता येईल. पाय हाताशी आहे. पण ओढलं तर ती किंचाळेल आणि मग मी तीच होईन, बरणीतली.

म्हणून पाठ करून बसले आहे. पलंगाला टेकून. ही वही मांडीवर. लिहिते आहे म्हणजे मी तिच्याकडे बघत नाही हे तिला दिसेल. पिल्लं अशीच येतात. आपण दुसरीकडे बघत राहायचं. हलायचं नाही.

समोरच्या दाराला नुसतं लॅच आहे, आतून उघडतं. बाहेर रस्ता. दोघी. बस.

लिहीत राहायचं. काहीही. फरशी पांढरी आहे. खिडकीत मोठीची वही. बाहेर गाडी — नाही, पुढे गेली.

सरकली. फ्रॉकचा आवाज आला.

हळू हळू म्हटलं, बिट्टी, आपण फिरायला जायचं का? श्वास जवळ आला. माझ्या कमरेपाशी. ओळखते मी तो श्वास, झोपेत ऐकलाय सहा वर्षं.

बोट. एक बोट माझ्या वेणीला लागलं.

रडायचं नाही. हलायचं नाही —

फाटक वाजलं. ताईंचा आवाज. मोठी काहीतरी हसते आहे. पायऱ्यांवर —

बिट्टीने विचारलं. अगदी कानाशी, कुजबुजत. आई, तुला भूक लागलीय का?

दारात किल्ली —

म्हटलं, नाही गं राणी, मुळीच नाही, माझं पोट अगदी भरलेलं आहे, ये, ये ना लवकर, आणि तेवढ्यात पोटातून एवढा मोठा आव